पिवळ्याच्या शेजारी हिरवा

सकाळी ६:५०

लॅबचं कुलूप मीच उघडते. लॅबचे मामा सव्वासातला येतात, पण पावसाळ्यात सोडियमचा दिवा लवकर लावून ठेवलेला बरा. बटण दाबल्याबरोबर तो पिवळा होत नाही. आधी आतल्या निऑनचा लालसर उजेड पडतो. नळीतलं सोडियम तापून त्याची वाफ व्हायला दहाएक मिनिटं जातात आणि मग सगळ्या खोलीवर तो ओळखीचा पिवळा रंग चढतो. त्या उजेडात माझी निळी छत्री करडी दिसते, भिंतीवरच्या तक्त्यातले लाल बाण काळपट पडतात. दिव्यातून येतो तो जवळजवळ सगळा प्रकाश ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचा. निळ्या कापडाने परत पाठवावा असा निळा त्यात नसतोच.

दिवा तापेपर्यंत भिंगं बाहेर काढते. आमच्याकडे जून ते सप्टेंबर काचेला बुरशी धरते. म्हणून भिंगं सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात बंद असतात आणि ती कापडाने पुसायची नाहीत असा नियम आहे: लेन्स पेपर, दोन थेंब स्पिरिट, आणि मधून कडेकडे एकदाच हात. आज हवेत दमट वास आहे, त्यामुळे खालची सपाट काचही पुसून घेतली.

सकाळी ७:३०

एस.वाय.ची पहिली बॅच. प्रयोग न्यूटन्स रिंग्ज.

मांडणी साधी आहे. सपाट काचेवर किंचित फुगीर भिंग फुगीर बाजू खाली करून ठेवायचं. भिंग मधोमध काचेला टेकतं आणि कडेकडे हवेची फट वाढत जाते. वर ४५ अंशांत धरलेल्या काचेवरून सोडियमचा प्रकाश खाली सोडायचा आणि मायक्रोस्कोपमधून पाहायचं. प्रकाशाचा एक भाग भिंगाच्या खालच्या पाठीवरून परततो, दुसरा फट ओलांडून सपाट काचेवरून. दोन्ही पुन्हा भेटतात तेव्हा काही ठिकाणी एकमेकांना बळ देतात, काही ठिकाणी पुसून टाकतात. डोळ्याला दिसतात त्या एकात एक काळ्या-पिवळ्या रिंगा, मध्याजवळ रुंद आणि बाहेर जाताना दाटत गेलेल्या. अगदी मधला ठिपका काळा हवा. तिथे फट नाही, पण काचेवरून परतणारा प्रकाश अर्ध्या लाटेने उलटतो, म्हणून दोघं एकमेकांना खोडतात. ठिपका काळा नसेल तर बहुतेक वेळा मध्ये धुळीचा कण असतो. तेव्हा भिंग काढायचं आणि पुन्हा पुसायचं.

मुलं हळूहळू लयीत येतात. विसाव्या काळ्या रिंगेपासून सुरुवात, स्क्रू एकाच दिशेने फिरवायचा, मागे घ्यायचा नाही, घेतला तर बॅकलॅशमुळे रीडिंग फसतं. डावीकडे वीस, एकोणीस, अठरा करत मध्य ओलांडायचा आणि उजवीकडे पुन्हा विसापर्यंत जायचं. दोन्हींतला फरक म्हणजे व्यास. व्यासाचा वर्ग करायचा, रिंगेच्या क्रमांकासमोर त्याचा आलेख काढायचा आणि आलेखाच्या चढावरून तरंगलांबी.

तिसऱ्या टेबलावरून हाक आली, "मॅडम, झालं. ५८९० आलं."

मी जर्नल पाहिलं. रीडिंग एकसारख्या फरकाने उतरलेली. खऱ्या रीडिंगमध्ये थोडी तरी खडबड असतेच, ती इथे नव्हती. "मायक्रोस्कोपमध्ये पाहून लिहिलीस की उत्तरावरून?" असं विचारलं तर जोडीतले दोघंही एकमेकांकडे बघायला लागले. रागावले नाही. ५८९३ अँगस्ट्रॉम हा आकडा प्रत्येक गाइडमध्ये छापलेला आहे. उत्तर आधीच ठाऊक असलं की मुलं उत्तराकडे पाहत रीडिंग घेतात, आणि तो दोष मी प्रयोगाच्या मांडणीला देते. एकाच रंगावर अख्खा प्रयोग उरकला तर मुलांच्या हाती येतो तो फक्त एक आकडा. तरंगलांबी बदलली तर समोरच्या नक्षीचं काय होईल हा प्रश्न त्यांना पडतच नाही, आणि या प्रयोगात विचारण्यासारखं तर तेच आहे.

म्हणून आमच्या लॅबमध्ये प्रयोगाचा दुसरा अर्धा भाग असतो. "मायक्रोस्कोपमधली क्रॉसवायर दहाव्या काळ्या रिंगेवर आणून ठेवा," मी सांगते, "आणि आता स्क्रूला हात लावायचा नाही. टेबलाला धक्काही नको." मग जर्नलमध्ये एक ओळ लिहायला लावते: हिरवा प्रकाश टाकला तर रिंगा मोठ्या होतील, लहान होतील की तशाच राहतील? आज तिघांनी लहान लिहिलं, दोघांनी मोठ्या, एका मुलीने "तशाच, कारण काच तीच आहे" असं लिहिलं. तिचं उत्तर मला आवडलं, कारण त्यामागे विचार होता.

मामांनी सोडियमचा दिवा बाजूला केला आणि पाऱ्याचा दिवा त्याच जागी सरकवला. पुढे हिरवा फिल्टर, म्हणजे ५४६.१ नॅनोमीटर. त्या मुलीने डोळा लावला आणि म्हणाली, "मॅडम, क्रॉसवायर हलली." क्रॉसवायर जागच्या जागीच होती. हलल्या होत्या रिंगा. पिवळ्यात दहाव्या काळ्या रिंगेवर बसलेली तार आता दहाव्या आणि अकराव्याच्या मध्ये, अकराव्याच्या बऱ्याच जवळ आली होती. हिरव्याच्या रिंगा आवळल्या गेल्या आणि त्या जागेत जास्त रिंगा मावल्या.

मग फिल्टर बदलून पाऱ्याचीच निळी रेषा घेतली, ४३५.८ नॅनोमीटर. आता तार चक्क एका उजळ निळ्या रिंगेवर होती. पिवळ्यासाठी जी जागा पूर्ण काळी, तीच निळ्यासाठी लख्ख.

इथे मी फळ्यावर हिशेब करते आणि त्याला भरपूर वेळ देते. क्रॉसवायरखाली हवेची फट किती? दहावी काळी रिंग म्हणजे फटीतून जाऊन येण्याचं अंतर पिवळ्याच्या बरोबर दहा लाटांइतकं, ५८९३ नॅनोमीटर. म्हणजे फट त्याच्या निम्मी, ३ मायक्रॉनला जरा कमी. याच अंतरात हिरव्याच्या किती लाटा बसतात? ५८९३ भागिले ५४६.१, साधारण १०.८. निळ्याच्या? १३.५. आजोबा आणि नातू एकाच अंगणातून चालले तर दोघांची पावलं वेगळी भरतील, तसंच हे. पूर्ण संख्या आली की काळं, अर्धी उरली की उजळ. काच तीच, फट तीच, बदललं ते फक्त पाऊल. "काच तीच आहे" लिहिणाऱ्या मुलीने आपलं वाक्य खोडलं नाही, त्याच्यापुढे लिहिलं: "पण लाट तीच नाही."

या दुसऱ्या भागाचा आणखी एक फायदा आहे आणि तो मला जास्त मोलाचा वाटतो. तरंगलांबीच्या सूत्रात भिंगाची वक्रता त्रिज्या लागते. ती मुलं स्फेरोमीटरने मोजतात, आणि सगळ्यात जास्त चूक तिथेच होते. पण भिंग तेच ठेवून पिवळ्याचा आणि हिरव्याचा असे दोन आलेख काढले, तर त्यांच्या चढांच्या गुणोत्तरात त्रिज्या उडून जाते. राहतं ते फक्त दोन तरंगलांबींचं गुणोत्तर. आमचं भिंग १ मीटर त्रिज्येचं आहे. त्यावर दहाव्या काळ्या रिंगेचा व्यास पिवळ्यात ४.८६ मिलिमीटर, हिरव्यात ४.६७ आणि निळ्यात ४.१८ यायला हवा. मिलिमीटरच्या दोन दशांशांचा फरक साध्या ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपवर सहज मोजता येतो. मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाइतकी लाट अशी मोजपट्टीच्या आवाक्यात येते.

सकाळी ९:४०

चहा. मामांसाठी आणि माझ्यासाठी.

सकाळी १०:१५

टी.वाय.चं लेक्चर. आज मुद्दाम न्यूटनपासून सुरुवात केली.

न्यूटनचं 'ऑप्टिक्स' १७०४ साली आलं. त्यात या रिंगांची मोजमापं आहेत आणि ती आजही थक्क करतात. अंधाऱ्या खोलीत लोलकाने रंग वेगळे करून तो एकेक रंग भिंगावर पाडायचा. लोलक मागेपुढे फिरवायला मदतनीस ठेवलेला, आपला डोळा मात्र एकाच जागी. तांबड्यात रिंगा मोठ्या आणि निळ्या-जांभळ्यात लहान होतात हे त्याने लिहून ठेवलं, आणि रंग सरकत असताना त्या फुगताना-आवळताना पाहण्यात फार आनंद आहे हेही लिहिलं. आमच्या लॅबमध्ये आज मामांनी जे केलं तेच त्या मदतनीसाचं काम होतं. तांबड्या टोकाला आणि जांभळ्या टोकाला तीच रिंग दिसायला हवेची जी जाडी लागते, तिचं गुणोत्तर त्याने १४ ला ९ असं काढलं.

हे सगळं करूनही न्यूटन प्रकाश कणांचा मानत होता. पुढचं पाऊल टाकलं थॉमस यंगने. हा व्यवसायाने डॉक्टर. नोव्हेंबर १८०१ मध्ये रॉयल सोसायटीपुढे दिलेल्या व्याख्यानात त्याने न्यूटनचेच आकडे घेतले, त्यांना लाटांचा अर्थ लावला आणि प्रत्येक रंगाची तरंगलांबी काढून दाखवली. तांबड्या टोकाला ०.००००२६६ इंच, जांभळ्या टोकाला ०.००००१६७ इंच. आजच्या मापात सुमारे ६७५ आणि ४२४ नॅनोमीटर, आणि हे आकडे आजही पटण्यासारखे आहेत. लाट न मानणाऱ्या माणसाने इतकं प्रामाणिक मोजमाप केलं की शंभर वर्षांनी दुसऱ्याला त्यातून लाटेची लांबी मिळाली. वर्गात हे सांगताना माझा आवाज थोडा चढतो, आणि मी तो आवरत नाही.

नंतर दुहेरी फट. फ्रिंजांमधलं (उजळ पट्ट्यांमधलं) अंतर म्हणजे तरंगलांबी गुणिले पडद्याचं अंतर, भागिले दोन फटींमधलं अंतर. दोन फटी पाव मिलिमीटर अंतरावर, पडदा २ मीटरवर. तांबडा हीलियम-निऑन लेझर, ६३२.८ नॅनोमीटर: फ्रिंजांमधलं अंतर ५ मिलिमीटरच्या किंचित वर. हिरवा ५३२ चा लेझर: सव्वाचार. जांभळा ४०५ चा: सव्वातीन. तिन्ही एकाखाली एक भिंतीवर पाडले आणि शेवटच्या बाकावरच्या मुलांनाही जागेवरून दिसलं. मधली फ्रिंज तिन्हींत एकाच ओळीत, तिथून पुढे जसजसं कडेला जावं तसतसे रंग एकमेकांपासून फाटत जातात.

सकाळी ११:२०

एस.वाय.ची दुसरी बॅच, आणि पाऱ्याचा दिवा नुकता तापला असतानाच लाइट गेली. पाच मिनिटांनी आली, पण पाऱ्याचा दिवा लगेच पेटत नाही. आतली वाफ गरम आणि दाबाखाली असते, ती निवल्याशिवाय ठिणगी पडत नाही. घाई करून पुन्हा पुन्हा बटण दाबण्यात अर्थ नसतो.

तेवढ्या वेळात एका मुलाने मोबाइलचा टॉर्च ४५ अंशांच्या काचेवर मारला आणि मायक्रोस्कोपमध्ये पाहून "अरे" म्हणाला. पांढऱ्या उजेडात मध्ये काळा ठिपका, त्याभोवती पांढरट कडं, त्याची बाहेरची कड तांबूस, मग पुन्हा निळसर, हिरवट, गुलाबी. थोड्याच रिंगा आणि पुढे सगळं एकसारखं फिकट. प्रत्येक रंगाच्या रिंगा आपापल्या मापाच्या. मध्याजवळ त्या जेमतेम एकावर एक बसतात, पुढे तांबड्याची सहावी जांभळ्याच्या आठवी-नववीत घुसते आणि सगळ्यांची मिळून पांढऱ्याकडे झुकणारी भेसळ होते. फट तिथेही आहे आणि व्यतिकरणही चालूच आहे, फक्त सगळ्या रंगांचं एकदम चालल्यामुळे डोळ्याला वेगळं काढता येत नाही. टॉर्चवर हिरवा फिल्टर धरायला सांगितला, तर हरवलेल्या बाहेरच्या रिंगा परत आल्या. लाइट गेल्याचं मला वाईट वाटलं नाही.

दुपारी १२:३०

डबा. स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्याने पुन्हा तोच मुद्दा काढला: अभ्यासक्रमात सोडियमपुरतंच आहे, परीक्षेतही तेवढंच येणार, मग वेळ कशाला घालवायचा? त्यांची अडचण मला कळते, बॅच मोठ्या आहेत आणि दिवे मोजके. पण सूत्रात λ हे अक्षर लिहिणं आणि λ बदलल्यावर समोरची नक्षी आवळताना पाहणं यात मुलांच्या चेहऱ्यावर जो फरक दिसतो, तो सोडून द्यायची माझी तयारी नाही.

दुपारी १:३०

मागची अंधारी खोली, टी.वाय.ची बॅच, मायकेलसनचा इंटरफेरोमीटर. अर्धपारदर्शक आरशाने किरणाचे दोन भाग होतात, ते दोन आरशांवरून परततात आणि पुन्हा एक होतात. लेझरने आरसे जुळवून घेतले की सोडियमचा दिवा लावायचा. समोर गोल फ्रिंजा उभ्या राहतात. मायक्रोमीटर फिरवला की त्या एकेक करून मध्यात बुडतात. एक फ्रिंज बुडाली म्हणजे आरसा अर्ध्या लाटेने, ०.२९५ मायक्रॉनने सरकला.

या बॅचला मी आधी काहीच सांगत नाही. फक्त "फिरवत राहा, काही झालं तर हाक मार" एवढंच. पंधरा-वीस मिनिटांनी हाक आली. "मॅडम, फ्रिंजा गेल्या. आरसा हलला वाटतं." त्याचा हात आरशाच्या स्क्रूकडे निघालाच होता. "आरशाला हात लावू नकोस. मायक्रोमीटर त्याच दिशेने फिरव." खोलीत पिवळा उजेड सपाट पसरलेला, एकही रेघ नाही. त्याने फिरवत नेलं, आणि हळूहळू फिकट वर्तुळं उमटली, मग ठळक झाली. पुन्हा फिरवल्यावर पुन्हा विरली.

सोडियमचा पिवळा एकटा नाही. त्यात ५८९.० आणि ५८९.६ अशा दोन तरंगलांबी आहेत आणि दोघी आपापल्या फ्रिंजा काढतात. सुरुवातीला त्या एकावर एक असतात. अंतर वाढेल तशा हळूहळू चुकतात, आणि पाचशेच्या आसपास फ्रिंजा झाल्या की एकीच्या उजळ जागी दुसरीची काळी येते. नक्षी पुसली जाते. तितक्याच आणखी झाल्या की पुन्हा जुळतात. एकदा विरल्यापासून पुन्हा विरेपर्यंत आरसा ०.२९ मिलिमीटर सरकतो. त्या अंतरावरून मुलं दोन तरंगलांबींतला फरक काढतात आणि तो ६ अँगस्ट्रॉमच्या आसपास येतो. फिझोने १८६२ साली हेच न्यूटनच्या रिंगांमध्ये पाहिलं होतं, काच हळूहळू दूर नेत. सकाळच्या बॅचला हे दिसणं शक्यच नव्हतं, कारण विसाव्या रिंगेपर्यंत दोघींची चूक एका रिंगेच्या पन्नासाव्या भागाइतकीच झालेली असते.

म्हणूनच मायकेलसन शुद्ध रंगाच्या शोधात होता. कॅडमियमची लाल रेषा त्याला सगळ्यात नितळ वाटली आणि १८९२-९३ मध्ये पॅरिसजवळ सेव्रला त्याने मीटरमध्ये तिच्या १५,५३,१६३.५ लाटा मोजल्या. १९६० मध्ये तर मीटरची व्याख्याच क्रिप्टॉन-८६ च्या नारिंगी रेषेच्या १६,५०,७६३.७३ लाटांवर बांधली गेली. ती १९८३ पर्यंत टिकली, त्यानंतर प्रकाशाच्या वेगावरून मीटर ठरू लागला.

दुपारी ३:३०

पाऊस थांबला. सायकल स्टँडजवळच्या ओल्या डांबरावर कुणाच्या तरी गाडीचं ऑइल सांडलं होतं आणि त्याचे रंगीत पट्टे पसरले होते. दोघी मुली लॅबमधले लाल आणि हिरवा फिल्टर घेऊन तिथे गेल्या, मला न विचारता. लालमधून पाहिलं तर रंग जाऊन काळे-लाल पट्टे उरतात, हिरव्यातून पाहिलं तर तेच पट्टे जवळजवळ येतात. मी वरून पाहत होते. फिल्टर ओले करून परत आणले, तरी मी काही बोलले नाही.

दुपारी ४:१५

खोडदच्या सहलीसाठी पत्र लिहायचं होतं. नारायणगावजवळचं जीएमआरटी, प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभं राहिलेलं. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यांतल्या १४ मध्यभागी एका चौरस किलोमीटरच्या आसपास आणि बाकीच्या तीन फाट्यांवर, एकूण पसारा सुमारे २५ किलोमीटर. मुलं विचारतात, तबकड्या इतक्या लांब लांब का? उत्तर सकाळच्याच सूत्रात आहे. दोन तबकड्या म्हणजे दोन फटी, आणि आकाशातल्या फ्रिंजा तरंगलांबीच्या प्रमाणात रुंद. हायड्रोजनची रेडिओ रेषा २१ सेंटिमीटरची आहे, सोडियमच्या पिवळ्याच्या साडेतीन लाखांहून जास्त पट. पत्राच्या मागे हिशेब करून पाहिला: २१ सेंटिमीटरला २५ किलोमीटरचा पसारा जितकं बारीक पाहू शकतो, तितकं पिवळ्या प्रकाशात पाहायला ७ सेंटिमीटरचं भिंग पुरतं. हा आकडा सहलीच्या बसमध्ये मुलांकडूनच काढून घ्यायचा आहे, म्हणून पत्राच्या मागेच ठेवला.

संध्याकाळी ५:१०

जर्नलं. सकाळच्या तिसऱ्या टेबलाने पुन्हा रीडिंग घेतली होती. पिवळ्याचा चढ २.३९, हिरव्याचा २.२०. गुणोत्तर ०.९२, म्हणजे हिरवा ५४२५ अँगस्ट्रॉम. खऱ्या आकड्यापासून ३६ ने कमी. दोन रीडिंग खोडून वर नवी लिहिलेली, एका ठिकाणी स्क्रू मागे गेल्याचं पेन्सिलने नोंदवलेलं. मी सही केली. खाली लिहिलं: निळ्याचा आलेख राहिला आहे, तो काढा. त्यासाठी रीडिंग जपून घ्या, निळ्याच्या रिंगा दाट असतात. पाऱ्याचा दिवा दहा मिनिटं आधी लावा.

दुसऱ्या एका जर्नलमध्ये पिवळ्याचं उत्तर बरोबर ५८९३ होतं, हिरव्याचं पान कोरं होतं. ते सही न करता बाजूला ठेवलं. उद्या त्या जोडीला मायक्रोस्कोपपाशी बसवून दहाव्या रिंगेपासून सुरुवात करायची आहे.